दार लावून बसायचं होतं

पुली, ८ मार्च

प्रिय ताई,

तू बरी असशील. भाऊजींची पाठ आता कशी आहे? इकडे मी बरी, आई बरी. थंडी सरली, पण डोंगरावरून सकाळी अजून गार वारं येतं आणि आईच्या अंगातला जाड कोट काही निघत नाही.

पत्र बघून हसली असशील. हातात फोन असताना पत्र कोण लिहितं? पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, आणि माझा आवाज चढला की आई घाबरते. कागदावर कुणी कुणावर ओरडत नाही. ऑपरेशनच्या वेळी आपण जे बोललो ते मी सोडून दिलंय. तूही सोड.

तू विचारलंस, वजन उतरवायच्या या ऑपरेशननंतर खायचं काय, आणि पोट साफ होत नाही म्हणतात ते खरं का. तुझ्या डॉक्टरांनीही तुला हेच सुचवलंय म्हणजे तू गमतीत विचारत नाहीस. म्हणून सगळं लिहिते.

जठराचा बराचसा भाग काढून टाकलाय. उरलंय ते बोटाएवढ्या केळ्यासारखं, असं डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. आधी नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, मग पेज, मग मऊ. आता वाफवलेलं अंडं, टोफू, काटे काढलेला मासा. आधी मासा-अंडं, मग भाजी, मग जागा उरली तर भात. जागा उरत नाही. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर लगेच प्यायचं नाही, आणि तरी दिवसभरात भरपूर प्यायचं. ते कसं जमवायचं हे ज्याचं त्यानं बघायचं.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात फावड्याएवढ्या उलथन्यानं भाजी परतते. अख्ख्या शाळेची पोरं जेवून जातात, आणि मी कोपऱ्यात बसून बाळाच्या चमच्यानं अंडं खाते. आ-ग्वेई माझ्या शेजारच्या कढईवर असते, तुला आठवत असेल, मोठ्या आवाजाची. ती म्हणते, "स्यू-मान, तू जेवतेयस की अंड्याला इंजेक्शन देतेयस?"

आणि हो, पोट साफ होत नाही. आतच काही जात नाही तर बाहेर काय येणार? वर लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या. त्यांनी सगळं दगड होतं. हॉस्पिटलात आहार सांगणारी मुलगी आहे, फांग नावाची, फार गोड बोलते. तिनं रताळ्याची पानं उकडून, पपई, भिजवलेले काळे मनुके, काळ्या अळंब्यांचं सूप असं सांगितलंय. मॅग्नेशियमच्या गोळ्याही आहेत. कोंडा खाऊ नका म्हणाली. पाणी कमी पडलं तर तोच आत अडकतो.

आ-ग्वेईचं औषध मात्र लाल ड्रॅगनफ्रूट. "खा आणि बघ!" मी खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी बघितलं. ताई, सगळं लालभडक. मला वाटलं आतले टाके तुटले, आता मी मरते. हॉस्पिटलला फोन लावला. नर्सनं शांतपणे विचारलं, "काल काय खाल्लंत?"

"ड्रॅगनफ्रूट."

"पांढरं की लाल?"

मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी आ-ग्वेईला सांगितलं तर ती तांदळाच्या पोत्यावर बसून हसली.

वजन उतरतंय. साखर उतरलीय, इन्सुलिन बंद झालं. गुडघे दुखत नाहीत. केस मात्र गळतात, मुठीनं. तुझ्या केसांच्या दुकानात आले असते तर तू आधी मलाच झाडून काढलं असतंस.

आई चांगली जेवते. जरा गोंधळते हल्ली, एवढंच. दिवसा म्हाताऱ्यांच्या केंद्रात जाते, तिथे गाणी म्हणतात. काळजी करू नकोस.

तुझी,
स्यू-मान


पुली, २१ एप्रिल

प्रिय ताई,

सीताफळांची पेटी पोचली. एकही फुटलं नव्हतं. तू स्वतः कागदात गुंडाळलीस हे घड्यांवरूनच कळलं. बाबांच्या कबरीवरचं गवत मी काढलं, तुझ्या नावानंही उदबत्ती लावली. भाऊजींना घेऊन एवढा प्रवास तुला झेपला नसता, हे मला समजतं. राग नाही.

सीताफळ मला एक चमचा चालतं, त्यापुढे चक्कर येते. आईला आवडली. मऊ झालेली तिनं खाल्ली आणि सगळ्यात मोठी दोन कपाटात ठेवली. मी विचारलं, ही कुणाला? म्हणाली, आ-मानला. म्हणजे मलाच, आणि मी समोरच उभी होते. असो.

बाजारात लोक विचारतात, आजारी आहेस का. चिएन मावशींनी तर दोन दिवसांत तीनदा विचारलं, "नवीन भाडेकरू आलीय का तुमच्याकडे? मागून ओळखलंच नाही." शेजारीण ना ती आपली, तीस वर्षं भिंतीला भिंत लागून. मी हसले.

तू परत विचारलंस की पोटाचं काय. जसंच्या तसं आहे. गेल्या आठवड्यात फांगनं मला समोर बसवलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही पानं खाता, पपई खाता, गोळ्या घेता. मग अडतंय कुठे? कळ येते का?"

"येते."

"मग?"

"मग दाबते."

तिनं पेन खाली ठेवलं. "का?"

काय सांगणार तिला? सकाळी कळ येते तेव्हा आईला कपडे घालायचे असतात, केंद्राची गाडी दारात भोंगा वाजवत असते. दहा वाजता येते तेव्हा कढईत शंभर पोरांचा टोफू असतो. संध्याकाळी घरी येते तेव्हा आई असते. हिवाळ्यात एकदा मी आत गेले, दार लावलं, जरा निवांत बसले. बाहेर आले तर गॅस सुरू, वर रिकामं पातेलं लाल झालेलं, आणि आई त्याच्याकडे बघत उभी, हात पुढे करून, शेकत असल्यासारखी. तेव्हापासून मी दार उघडं ठेवते. दार उघडं ठेवून, कान बाहेर ठेवून कुणाला होतं का, ताई? आतडीसुद्धा लाजतात.

फांगला मी म्हटलं, "कामात असते." ती म्हणाली, "पाणी पण कमी पिता." मी म्हटलं, "पाणी प्यायलं की जावं लागतं." तिनं वही मिटली. बाळासारखी दिसते ती, पण तेव्हा तिचे डोळे म्हातारे झाले.

ऑपरेशन करू की नको म्हणून तू विचारतेस. चांगलं आहे ऑपरेशन. खरंच चांगलं आहे. सविस्तर पुढे कधीतरी.

भाऊजींना नमस्कार.

स्यू-मान


पुली, २४ जून

ताई,

आज मजकूर सरळ लिहिते, नाहीतर परत सीताफळांवर जाईन.

आई मला ओळखत नाही.

सगळं विसरली असं नाही. चिएन मावशींना ओळखते, बाबा गेले हे तिला माहीत आहे, तुला ताइतुंगला दिलीय आणि तुझं केसांचं दुकान आहे हेही माहीत आहे. आ-मानही तिला पूर्ण आठवते. आ-मान लठ्ठ आहे, चालते तेव्हा फरशी वाजते, हसते तेव्हा खांदे हलतात. ती कामाला गेलीय आणि संध्याकाळी येईल. मी कुणीतरी दुसरी आहे.

एकदम झालं नाही हे. नव्या वर्षाच्या सुमारास ती माझ्याकडे टक लावून बघायची, गाल चाचपायची, म्हणायची, किती सुकलीस. मग एक दिवस आंघोळ घालताना तिनं हात आखडून घेतले आणि म्हणाली, "राहू द्या, मी करते." राहू द्या! मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण त्या दिवसापासून ती मला 'तुम्ही' म्हणते. "तुम्ही बसा." "तुम्ही दमला असाल." "तुमच्या घरी कोण कोण असतं?" परक्या माणसांशी तिचं बोलणं नेहमीच आर्जवी. आपल्याला तिनं जन्मात कधी 'बस' म्हटलं नाही, 'टेक' म्हणायची.

ऑपरेशन मी कशासाठी केलं ते तुला ठाऊक आहे. ती न्हाणीघरात पडली आणि मला तिला उचलता आलं नाही; मीही तिच्याजवळ बसले आणि चिएन मावशींचा मुलगा येईपर्यंत आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसून राहिलो. तेव्हाच ठरवलं, एवढं ओझं घेऊन मी हिला सांभाळू शकत नाही. आता मी तिला सहज उचलते, ताई. पण ती अंग ताठ करते. परक्या बाईनं उचलावं असं कुणाला वाटतं?

मागच्या आठवड्यात झोंगझीचा सण झाला. केंद्राला सुट्टी, शाळेला सुट्टी, आम्ही दोघीच घरी. झोंगझीच्या पुड्यांसाठी मी बांबूची पानं भिजवली, चिकट तांदूळ, मांस, शेंगदाणे, सगळं मांडून ठेवलं, म्हटलं बघू काय करते. तिनं पान उचललं, शंकू केला, भरलं, दुमडलं, दोरी आवळली. तिला आजचा वार सांगता येत नाही, पण एकाही पुडीतून दाणा सांडला नाही. शेवटच्या काही पुड्यांत तिनं शेंगदाणे मूठभर जास्त घातले आणि त्यांना लाल दोरी बांधली.

उकडून झाल्यावर मी म्हटलं, "मी एक घेऊ?"

"घ्या की. पोटभर खा." मग माझा हात बघून म्हणाली, "लाल दोरीची नको हं. ती माझ्या पोरीची. दमून येते ती, जेवायला तिला असं दाबून लागतं."

दुपारी ती डुलकी घेत असताना मी लाल दोरीची एक सोडली.

चिकट भात मला वर्ज्य आहे, सगळ्यात आधी तोच लिहून दिलाय. ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. चावलीसुद्धा नाही नीट. अर्धी गेली असेल, मग छातीत दगड बसला, तोंडाला फेस आला, आणि बेसिनला धरून मी किती वेळ वाकून होते कोण जाणे. उरलेली अर्धी पानात गुंडाळून कचऱ्यात खाली दडवली.

पण वरचं संकट टळलं तरी खालचं राहिलं. सणाच्या दिवसांत आई सबंध दिवस घरात, तिच्यामागे फिरायचं, त्यामुळे मी बसलेच नव्हते. मॅग्नेशियमच्या गोळ्याही मीच बंद केल्या होत्या. कळ आली आणि जाता नाही आलं तर काय, ही भीती. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दुपारी पोट असं आवळलं की मला सरळ उभं राहवेना. मी गॅस टाकीपासून बंद केला, बाहेरच्या दाराला कुलूप घातलं, आईला टीव्हीसमोर बसवलं, औषधाच्या दुकानातली ग्लिसरीनची पिचकारी घेतली आणि आत गेले. आणि दार लावलं. कडीसुद्धा.

बाळंतपण मला माहीत नाही, तुला माहीत आहे. तसंच काहीतरी असावं. घाम पाझरत होता, डोळ्यांपुढे काळोखी येत होती. भिंतीला डोकं टेकून मी गुरासारखी कण्हत होते. तेवढ्यात दारावर थाप.

"कोण आहे आत?"

मला बोलता येईना. नुसतं कण्हणं.

दार एकदा हललं. मग आईचा आवाज, जुना, खरखरीत, हुकमी. "आ-मान? आ-मान, तूच ना गं?"

"हो आई."

"कधी आलीस? मला सांगायचं नाही? परत बियांसकट पेरू खाल्लेस ना?"

"हो."

"तरी बोंबलत होते, बिया थुंक म्हणून! ऐकशील तर शपथ." मग कपड्यांची सळसळ, गुडघ्यांची कटकट, ती दाराबाहेर जमिनीवर बसली. "घाई करू नकोस. मी आहे इथे. कुणी येत नाही. पायाखाली स्टूल घे. घेतलंस?"

कपडे धुवायचं लहान स्टूल होतं, ते मी ओढून घेतलं.

"आता लांब श्वास सोड. माझ्याबरोबर. अंऽऽऽ."

ताई, मी बावन्न वर्षांची बाई, दाराच्या आतून अंऽऽऽ करत होते आणि ती बाहेरून. चिएन मावशी भिंतीपलीकडून ओरडल्या, "काय चाललंय तुमचं?" आई म्हणाली, "गप गं, पोरीचं पोट अडलंय!"

मधेमधे ती बोलत होती. कुणाला तरी सांगावं तसं नाही, मला सांगावं तसं. बाबांनी छप्पर अजून शाकारलं नाही. स्यू-चिननं, म्हणजे तू, नवा झगा मागितलाय. आणि मग म्हणाली, "तुझ्यासाठी झोंगझी ठेवल्यात, लाल दोरीच्या. एक कमी असेल. त्या बाईंनी खाल्ली, त्या येतात ना आपल्याकडे. मी बघितलं, पण बोलले नाही. भुकेली दिसत होती बिचारी. तोंड बघ तिचं, हाडं नुसती. कुणी खाऊ घालत नसेल."

मी तोंडात टॉवेल धरला. रडण्यानं म्हण किंवा तिच्या अंऽऽऽनं म्हण, त्यानंतर सुटका झाली. थोडं रक्तही गेलं. खरं रक्त, ड्रॅगनफ्रूट नाही.

"झालं का गं?"

"झालं."

"शहाणी माझी बाय."

सगळं उरकल्यावरही मी उठले नाही. बाहेर आई काहीतरी गुणगुणत होती. दार बंद होतं तोवर मी तिची होते. किती दिवसांनी मला कुणी 'गं' म्हटलं होतं.

शेवटी पाय बधिर झाले, उठावंच लागलं. कडी काढली. आई खालून वर बघत होती. माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे बघितलं, आणि तोंडाशी बोट नेलं.

"हळू बोला. आत माझी मुलगी आहे. तुम्हाला जायचंय का? जरा थांबावं लागेल हं."

मी मागे दार ओढून घेतलं. "थांबते," म्हटलं. आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले. आम्ही दोघी आ-मानची वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं ती माझ्या खांद्यावर झोपली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला गेले. जखम किरकोळ आहे. लोहाची गोळी बदलून दिली, पाण्यात घालून घ्यायची पूड दिली, आणि ती बंद करायची नाही असं बजावलं. फांगला मी या वेळी सगळं सांगितलं, आईचंही. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "मावशी, नाश्ता झाल्यावर तुम्हाला रोज थोडा वेळ दार लावून निवांत बसायला मिळालं पाहिजे. तेवढा वेळ आईंजवळ कोण बसेल?" हाच प्रश्न मी इतके महिने कुणाला विचारू दिला नव्हता.

म्हणून तुला विचारते. ये. भाऊजींची पाठ सांभाळायला तुझ्या सूनबाईला सांग, दुकान थोडे दिवस बंद राहू दे, पण ये. आईला वृद्धाश्रमात कायमचं ठेवावं असं तू ऑपरेशनच्या वेळी म्हणाली होतीस. तू चुकलीस असं मी आता म्हणणार नाही. बरोबर होतीस असंही म्हणणार नाही. ते आपण समोरासमोर भांडू, आवाज न चढवता. मी थकलेय, ताई. हे वाक्य लिहायला मला तीन पत्रं लागली.

आणि तुझं ऑपरेशन. जरूर कर. साखर गेली, दम लागत नाही, माणूस जगतं. पण केलंस तर घरात आधी कुणीतरी उभं कर, नाहीतर हे सगळं खाणंपिणं, पानं आणि पपया फुकट आहेत. आणि एक मागते, हक्क नसताना मागते. ऑपरेशनच्या आधी ये. आत्ता आहेस तशी ये. आपण दोघी एकाच साच्यातल्या, लहानपणी मागून बाबासुद्धा फसायचे. तू आत आलीस की फरशी वाजेल, आणि आई स्वयंपाकघरातून मान वर करील. ती तुला आ-मान म्हणेल.

तिची चूक काढू नकोस. माझ्याकडे बघू नकोस. फक्त ओ दे.

वाट बघणारी,
तुझी धाकटी